सायलेन्सरचा धूर (जुन्या मोटारींतील दोषनिदान)

जुन्या मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग, वास आणि तो निघण्याची वेळ यांवरून इंजिनातला बिघाड ओळखण्याची पद्धत. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे जास्तीचे इंधन, पांढरा म्हणजे पाणी, एवढे कोणीही सांगतो. पण रंगावरून फक्त काय जळते आहे ते कळते. ते कुठून येते आहे, हे बहुधा वेळेवरून कळते.

निळ्या धुराला हे विशेष लागू पडते. कार्ब्युरेटरवाली मारुती 800 घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळसर लोट आला आणि मिनिटभरात विरला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल उतरू न देणारे रबरी सील) कडक झालेले असतात. हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले, ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंबथेंब उतरलेले असते. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर आला, तरी संशय सील किंवा गाइडवरच (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती). याउलट चढावर, भरल्या गाडीत सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) झिजलेल्या असण्याची शक्यता जास्त. अशा इंजिनाचे ऑइलचे झाकण चालू असताना काढले की फुसफुस वाफा येतात. गॅरेजात याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. खात्रीसाठी प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजतात, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. कमी असलेला दाब वाढला तर रिंगा. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि सिलिंडर ब्लॉक यांच्यामधली पट्टी). आणि मुळातच चांगला असेल तर सीलकडे पाहावे. सीलसाठी पिस्टन काढावे लागत नाहीत, रिंगांसाठी काढावे लागतात. खर्चातला फरक मोठा असल्याने ‘इंजिन कामाला आलंय’ (उघडून दुरुस्त करावे लागेल) असे कोणी म्हणाले, तर चमच्याची परीक्षा झाली का हे आधी विचारावे. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर-रिक्षांचा निळा धूर मात्र वेगळा. त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मुद्दामच मिसळलेले असते.

पांढरा धूर पुष्कळदा धूर नसतोच. लिटरभर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी तयार होते. थंडीत तेच सायलेन्सरच्या तोंडाशी वाफ होऊन दिसते. इंजिन तापल्यावरही लोट थांबत नसेल आणि कुठेही गळती नसताना रेडिएटर रिकामा होत असेल, तर हेड गॅस्केट उडाल्याचा दाट संशय घ्यावा. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे अशा धुराला गोडसर वास येतो. रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी भरणाऱ्यांच्या गाडीत ही खूण मिळत नाही. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखे ऑइल दिसले तर गाडी चालवू नये. फक्त झाकणाखाली तसा पातळ थर असेल, तर तो गल्लीतल्या छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो. डिझेल गाडीचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तिथे हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे), इंजेक्टर आणि पंपाचे टायमिंग पाहतात.

काळ्या धुराचे निदान त्या मानाने सोपे व स्वस्त: तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, कार्ब्युरेटरमधली झिजलेली फ्लोट पिन (आत येणारे पेट्रोल रोखणारी सुई). गार झालेल्या सायलेन्सरच्या आत बोट फिरवले की कोरडी काजळी लागते. बोट तेलकट झाले तर पुन्हा ऑइलकडे वळावे.

पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची घनता. धुराच्या रंगासाठी प्रमाणपत्रात रकाना नाही.