‘अंतर्गत अशांतता’ : दोन शब्द आले कुठून, गेले कुठे

राज्यघटनेच्या कलम ३५२ मध्ये आज आणीबाणीची तीन कारणे आहेत : युद्ध, परचक्र (म्हणजे बाहेरचे आक्रमण) आणि सशस्त्र उठाव. यातल्या तिसऱ्या कारणाच्या जागी २० जून १९७९ पर्यंत दुसरेच दोन शब्द होते, ‘अंतर्गत अशांतता’. १९६२ आणि १९७१ च्या आणीबाण्या युद्धामुळे लागल्या. या दोन शब्दांच्या आधारे आणीबाणी एकदाच लागली, २५ जून १९७५ च्या रात्री, आणि नुसते ‘आणीबाणी’ म्हटले की आपल्याला तीच आठवते. त्या एकवीस महिन्यांत कोण तुरुंगात गेले, कोण भूमिगत झाले, कोणी माफीनामे लिहिले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र कोणत्या शब्दाचा टेकू घेऊन हे सगळे उभे राहिले आणि त्या शब्दाचे पुढे काय झाले, याकडे सहसा कोणी वळत नाही.

शब्द मुळात इंग्रजांच्या कायद्यातला. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या १०२ व्या कलमात ‘युद्ध किंवा अंतर्गत अशांतता’ यामुळे सुरक्षितता धोक्यात आल्यास गव्हर्नर जनरलने उद्घोषणा करावी, अशी तरतूद होती. घटनेच्या मसुद्यात तिथे आधी ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’ असा वेगळा शब्दप्रयोग होता. गंमत म्हणजे तोच इंग्रजी शब्दप्रयोग आज घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या नावात आहे. तेव्हा त्याचा अर्थ देशांतर्गत हिंसाचार असा होता. ऑगस्ट १९४९ मध्ये तो काढून ‘युद्ध किंवा परचक्र किंवा अंतर्गत अशांतता’ असे घातले गेले. म्हणजे ‘हिंसा’ गेली आणि ‘अशांतता’ आली. घटना समितीतल्या काही सभासदांनी वायमार जर्मनीच्या घटनेतल्या अशाच तरतुदीचा दाखला देऊन धोक्याची घंटा वाजवली होती. पण अशांतता म्हणजे नेमके काय, याची व्याख्या घटनेत आली नाही.

हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. हिंसा झाली की नाही हे दाखवावे लागते. अशांततेत मोर्चा बसतो, संप बसतो, विद्यार्थ्यांचा बंद बसतो, विधानसभेला घातलेला घेराव बसतो. त्यात मूळ कलमाप्रमाणे अशांतता प्रत्यक्ष झालेली असण्याचीही गरज नव्हती. धोका जवळ आला आहे असे राष्ट्रपतींचे समाधान झाले की पुरे. आणि राष्ट्रपतींचे समाधान म्हणजे सरकारचे समाधान.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आधीच चालू होती, हे अनेकांच्या लक्षात नसते. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हाची उद्घोषणा कोणी मागेच घेतली नव्हती. युद्ध दोन आठवड्यांत संपले, सिमला करार झाला, पण आणीबाणी कागदावर तशीच राहिली. भारत संरक्षण कायदा लागू होता, खटल्याविना डांबून ठेवू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ‘मिसा’, १९७१ पासून होता, आणीबाणी असल्यामुळे कलम १९ ची भाषण, सभा वगैरे स्वातंत्र्येही सरकारला आडवी येत नव्हती. मग दुसरी उद्घोषणा कशाला?

याची दोन उत्तरे दिली जातात. एक असे की साडेतीन वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धाच्या नावाने देशातल्याच विरोधकांना आत टाकले असते तर न्यायालयात ते टिकवणे जड गेले असते. म्हणून कारण बदलून घेतले. दुसरे असे की कायद्याची गरज फारशी नव्हतीच, गरज होती ती धाक बसवण्याची, आणि त्यासाठी नवी घोषणा हवी होती. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. एवढे मात्र दिसते की नव्या शब्दाने कायद्यांची नावेसुद्धा बदलली : भारत संरक्षण कायदा पुढे ‘भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा कायदा’ झाला. परचक्रासाठी केलेला कायदा नाव बदलून घरच्यांसाठी वापरात आला.

सरकारची बाजू काय होती? मे १९७४ चा रेल्वे संप, गुजरात आणि बिहारमधली आंदोलने, जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरला बॉम्बस्फोटात झालेला रेल्वेमंत्र्यांचा मृत्यू, मार्चमध्ये सरन्यायाधीशांच्या मोटारीवर फेकलेले हातबॉम्ब, आणि २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाशांनी पोलिसांना व लष्कराला केलेले आवाहन, की बेकायदा हुकूम पाळू नका. २१ जुलैला गृहखात्याने ‘आणीबाणी का?’ या अर्थाची पुस्तिका संसदेत ठेवली, तिचा सूर हाच होता. यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की चित्र पालटते. संप वर्षभरापूर्वी मोडून निघाला होता. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची रायबरेलीची निवड रद्द केली, त्याच दिवशी गुजरातचा निकाल विरोधात गेला. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या सुटीतल्या न्यायमूर्तींनी पदावर राहू दिले, पण लोकसभेत मतदान करू दिले नाही. आणि २५ ला अशांतता देशाच्या सुरक्षिततेला धोका ठरली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने कागद तपासले तेव्हा राज्यपालांच्या पाक्षिक अहवालांत कायदा-सुव्यवस्था ढासळल्याची नोंद सापडली नाही; गुप्तचर खात्याकडूनही तसा इशारा आलेला नव्हता. गृहसचिव मात्र दोनच दिवस आधी बदललेले होते.

त्या रात्रीचा आणखी एक कागद आहे आणि माझ्या मते मूळ उद्घोषणेइतकाच तो महत्त्वाचा आहे. राष्ट्रपतींना सल्ला मंत्रिमंडळाने द्यायचा असतो. पण २५ च्या रात्री मंत्रिमंडळाला काहीच माहीत नव्हते. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना पत्र पाठवले : आज रात्री मंत्रिमंडळ बोलावणे शक्य नाही, म्हणून कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेत आहे. केंद्र सरकारच्या या नियमावलीतला बारावा नियम सांगतो की पंतप्रधान कोणत्याही प्रकरणात नियमांना फाटा देण्याची परवानगी देऊ शकतात. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या बैठकीत सांगण्यात आले. तोवर अटका झालेल्या होत्या आणि दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या रस्त्यावरची वीज गेलेली होती. आयोगाने त्यावर अगदी साधा हिशेब मांडला. सकाळची बैठक दीड तासाच्या निरोपावर भरली; मग आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ती भरवायला काय हरकत होती?

१९७८ च्या दुरुस्तीने आणीबाणीपुरती ही फट बुजवली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना सही करता येत नाही. घटनेत इतरत्र सगळीकडे ‘मंत्रिपरिषद’ आहे. कॅबिनेट या अर्थाने मंत्रिमंडळाचा उल्लेख येतो तो या एका कलमात, त्या एका रात्रीमुळे. नियम १२ मात्र नियमावलीत जसाच्या तसा राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५.४७ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाच्या आधारे, केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न होता. पहाटेच्या शपथविधीवर आपल्याकडे विनोद भरपूर झाले. त्यामागच्या नियमाबद्दल चार दिवस बोलणे झाले आणि विषय संपला. आणीबाणी आणि राष्ट्रपती राजवट उठवणे यांची बरोबरी करता येणार नाही, हे उघड आहे. पण तातडी कोणाची आणि कशासाठी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

पुन्हा १९७५ कडे. शब्द एकदा वापरला की त्याला न्यायालयापासून जपावे लागते. ३८ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींचे समाधान न्यायालयीन तपासणीबाहेर नेले आणि वेगवेगळ्या कारणांच्या दोन आणीबाण्या एकाच वेळी चालू शकतात, असेही लिहून टाकले. ३९ वी तर धावतच आली : ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभांची मान्यता, १० ला राष्ट्रपतींची सही. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांच्या निवडणुकीचे अपील सुनावणीला यायचे होते. या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेतून काढली. तिचा मुख्य भाग न्यायालयाने ७ नोव्हेंबरला रद्द केला, पण अपीलही पंतप्रधानांच्याच बाजूने गेले, कारण निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदललेला होता. संसद बंद पडली नव्हती, हे इथे दिसते. ती भरत होती, मते मोजत होती. विरोधी बाकांवरचे कित्येक जण तुरुंगात होते इतकेच. १९७६ मध्ये त्याच लोकसभेने स्वतःची मुदत दोनदा वाढवली. मूळचे पुण्याचे आणि बिहारमधून निवडून आलेले एक समाजवादी खासदार तेव्हा तुरुंगात होते. पाच वर्षांसाठी लोकांनी पाठवले आहे, त्यापुढे बसण्याचा हक्क नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला.

आकडे एकदाच देतो. आयोगाच्या अहवालाप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ आणि संरक्षण कायद्याखाली ७५,८१८ माणसे स्थानबद्ध किंवा अटकेत होती. त्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. मुंबईचे नागपूर खंडपीठ त्यांतले एक. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सर्व निर्णय फिरवले. एकट्या विरोधी न्यायमूर्तींना जानेवारी १९७७ मध्ये डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्यांना सरन्यायाधीश केले गेले. बहुमतात पुण्याचे एक न्यायमूर्ती होते. त्यांच्या मुलाने ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ जणांच्या घटनापीठावर बसून तो निर्णय चुकीचा होता, असे लिहिले.

महाराष्ट्रात हे सगळे कसे पोचले, हा स्वतंत्र विषय आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रातले एक ज्येष्ठ मंत्री स्वागताध्यक्ष असताना दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीला जो विरोध दाखवला तो सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असे की मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, एका मासिकावरचे सेन्सॉरचे हुकूम रद्द केले. आणि याच काळात आपल्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. शांततेत संमत झालेले ते विधेयक मला तुरुंगाच्या आठवणींपेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण ते करायला कोणी बंदूक रोखलेली नव्हती.

२१ मार्च १९७७ ला आतली आणीबाणी उठली, २७ मार्चला बाहेरची. नव्या सरकारपुढे शब्दाचा प्रश्न होता. कलमच काढून टाकावे असे म्हणणारे होते. शेवटी ४४ व्या दुरुस्तीत ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आले. आरोपीला संरक्षण देणारे कलम २० आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम २१ कोणत्याही आणीबाणीत स्थगित होणार नाहीत, असेही ठरले. राज्यसभेत नव्या सरकारचे बहुमत नव्हते, त्यामुळे घटनेच्या मूलभूत बदलांवर सार्वमत घेण्याची तरतूद तिथे गळाली.

पण शब्द पूर्ण गेला नाही. कलम ३५५ मध्ये तो तसाच आहे : परचक्र आणि अंतर्गत अशांतता यांपासून प्रत्येक राज्याचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य. दुरुस्ती करणाऱ्यांनी तिथे हात लावला नाही. तिथे तो अधिकार नव्हता, कर्तव्य होते, म्हणून असेल. मार्च १९८८ मध्ये ५९ व्या दुरुस्तीने तो ३५२ मध्येही परत आला, फक्त पंजाबपुरता आणि दोन वर्षांच्या मुदतीने. कलम २१ स्थगित करण्याची सोयही बरोबर आली. ती वापरली गेली नाही आणि जानेवारी १९९० मध्ये पुढच्या सरकारने ती काढली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या बेकायदा स्थलांतराला परचक्र आणि अंतर्गत अशांतता या दोन्ही चौकटींत बसवले आणि एक केंद्रीय कायदा रद्द केला. २०१६ मध्ये मणिपूरच्या चकमकींच्या प्रकरणात तेच न्यायालय उलट दिशेने गेले : तिथली परिस्थिती अंतर्गत अशांतता आहे, युद्धासारखी नाही, म्हणून लष्करालाही जाब विचारता येतो. म्हणजे एकाच शब्दाने एकदा राज्याचे हात मोकळे झाले आणि एकदा बांधले गेले.

अलीकडे वाद शब्दावरून सरकून स्मरणावर आला आहे. महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंदींना २०१८ मध्ये मानधन सुरू झाले, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये थांबले, पुन्हा सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून अधिसूचित केला. हत्या झाली असेल तर हत्यार घटनेच्याच पानांतून काढलेले होते, एवढी भर त्यात घालावीशी वाटते.

४४ व्या दुरुस्तीचा एक भाग या सगळ्यात बाजूला पडला. तिच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम कडक केले होते : सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय तीन नव्हे, दोनच महिने डांबता येईल, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल. मिसाखाली तुरुंगात जाऊन आलेल्यांच्या सरकारने हे लिहिले. २० जून १९७९ ला त्याच सरकारने दुरुस्ती अमलात आणली तेव्हा हे कलम वगळले. १९८० मध्ये आलेल्या सरकारने त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा कायदा केला, तो जुन्याच नियमांच्या हिशेबाने. १९८१ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने तारीख ठरवावी असा आदेश आम्ही देऊ शकत नाही, असे बहुमताने म्हटले गेले. सरन्यायाधीश तेच होते, १९७६ च्या बहुमतातले पुण्याचे न्यायमूर्ती. ती तारीख अजून ठरलेली नाही.