एसा ग्रेची पत्रं आणि ‘डिझाइन’चा घोळ

सप्टेंबर १८५७ मध्ये डार्विनने हार्वर्डचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक एसा ग्रे याला आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा गोषवारा पाठवला आणि याची कुठे वाच्यता करू नकोस असं बजावलं. पुढच्या वर्षी वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचा तोच सिद्धान्त मांडणारा लेख येऊन थडकला. हे आधी कोणाला सुचलं, हा प्रश्न उभा राहिला आणि १ जुलै १८५८ ला लंडनच्या सभेत तोच गोषवारा पुराव्यादाखल वाचला गेला. गंमत म्हणजे त्यानंतर तीनच दिवसांनी डार्विन ग्रेला विचारतोय, ते पत्र नक्की कोणत्या तारखेचं होतं? ग्रेचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते या एका प्रसंगापुरतंच.

बाकी चरित्र थोडक्यात. जन्म १८१०, न्यूयॉर्क राज्यातलं सॉक्वॉइट गाव, वडील कातडी कमावणारे. १८३१ ला डॉक्टर झाला, पण जीव झाडांत रमला. १८३८ मध्ये मिशिगनच्या नव्या विद्यापीठाने नेमणूक केली आणि ५००० डॉलर देऊन ग्रंथखरेदीसाठी युरोपला धाडलं. पुस्तकं त्याने इमानेइतबारे पाठवली, तिथे तास मात्र एकही घेतला नाही. १८४२ ला तो हार्वर्डला गेला, तो कायमचाच.

खरा गुंता १८६० नंतरचा, आणि तो एका शब्दाभोवती आहे: ‘डिझाइन’. मराठीत त्याला ‘रचना’ म्हटलं की वादातली हवाच निघून जाते. रचना मिठाच्या खड्यालाही असते. ग्रेला म्हणायची होती ती योजना, आधी कोणाच्या तरी मनात असलेली. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि नैसर्गिक निवडही, म्हणजे जगायला उपयोगी फरक पिढ्यानपिढ्या टिकत जातात हा डार्विनचा सिद्धान्तही, त्याला पटली होती. सजीवांत जे फरक पडतात ते हितकर दिशेने वळवले जात असावेत, एवढीच त्याची पुस्ती होती. आजच्या ‘इंटेलिजंट डिझाइन’वाल्यांच्या, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्यानेच घडवले असं म्हणणाऱ्यांच्या, पंगतीत त्याला बसवणं हा सरळ अन्याय आहे, कारण त्यांना खटकणारी निवड यानेच अमेरिकेत लढवली, तीही हार्वर्डमधल्याच एका बड्या प्राणिशास्त्रज्ञाच्या विरोधात.

डार्विनला ती पुस्ती पचली नाही. मे १८६० च्या पत्रात त्याने उदाहरण दिलं ते जिवंत अळ्यांच्या अंगात पोसल्या जाणाऱ्या परजीवी गांधीलमाशीचं. दयाळू देवाने हे मुद्दाम योजलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही, असं त्याने लिहिलं. तरीही ग्रेचे लेख १८६१ मध्ये पुस्तिका म्हणून काढण्यात त्याने पुढाकार घेतला. १८६८ च्या ग्रंथात शेवटी दगडांचा दृष्टान्त देऊन (कड्यावरून पडलेले दगड निवडून घर बांधलं, तरी दगडांचे आकार घरासाठी आधीच ठरलेले नसतात) ग्रेच्या मताला जाहीर नकार दिला, आणि १८७७ चं पुस्तक ग्रेलाच अर्पण केलं. वाद असा घालावा, असं मला नेहमी वाटतं.

पण या वादात आपल्याला एकाच बाजूचा आवाज मोठा का ऐकू येतो? कारण अगदी घरगुती आहे. आलेली पत्रं डार्विन तारेला खोचून ठेवी. तारा भरल्या की काही वर्षांचा गठ्ठा जाळून टाकायचा आणि तारा मोकळ्या करायच्या. १८६२ पूर्वीची बहुतेक पत्रं अशी चुलीत गेली. ग्रेने मात्र डार्विनची पत्रं जपली. त्यामुळे ऐन वादातलं ग्रेचं म्हणणं पुष्कळदा डार्विनच्या उत्तरावरून ताडावं लागतं. ग्रे १८८८ मध्ये गेला. त्याच्या पत्नीने १८९३ मध्ये त्याच्या पत्रांचे दोन खंड काढले, तेव्हा ही भगदाडं पडलेलीच होती. डार्विनचा पत्रव्यवहार १९८५ पासून खंडाखंडाने छापला गेला, त्यात दोघांमधली सुमारे ३०० पत्रं आहेत.

१८६२ मध्ये डार्विनचा मुलगा लेनर्ड तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याला तिकिटं जमवायचा नाद. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलेली, इकडे गांधीलमाशीचा निकाल लागायचा होता, आणि डार्विन ग्रेकडे अमेरिकन टपाल तिकिटं मागत होता. ग्रेने ती पाठवली.