पॉइंट टू-टू रायफलचं प्लास्टिक मॅगझिन : "अडकतंय" म्हणून परत आणण्याआधी एवढं वाचा

"स्वस्तातलं प्लास्टिकचं मॅगझिन टिकतं का हो?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला जातो की शेवटी उत्तर छापूनच ठेवायचं ठरवलं. (मॅगझिन म्हणजे काडतुसं भरून रायफलीला लावायची डबी.) टिकतं. पण "अडकतंय, बदलून द्या" म्हणून जी मॅगझिनं परत येतात, त्यांतल्या बहुतेकांत आम्हाला दोष सापडत नाही. सापडतं ते तेल.

एक ग्राहक सहा मॅगझिनं फडक्यात गुंडाळून घेऊन आले. फडक्यावर सहा तेलकट डाग. एकाचं तळाचं झाकण सरकवलं तर स्प्रिंग निम्मीच बाहेर आली आणि फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर काडतुसं वर ढकलणारा तुकडा, मध्येच चिकटून बसलेला. टेबलावर दोनदा आपटल्यावर सुटला, मागोमाग काजळासारखा काळा लगदा. सहाही धुतली, वाळवली, नकली काडतुसं भरून चालवून पाहिली. एकही अडकलं नाही. ते म्हणाले, "अहो, मी तर दर रविवारी न चुकता तेल घालत होतो!" तेच तर झालं होतं.

रायफलीला तेल लागतं, मग मॅगझिनला का नको, हे समजून घ्यायचं तर आधी काडतूस हातात घेऊन बघा. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं आहे आणि त्याची घडण आजही जुनीच आहे. शिशाची गोळी बाहेरून काडतुसाच्या नळीइतकीच जाड असते, त्यामुळे तिच्यावरचं मेण किंवा ग्रीस नळीच्या आत झाकलं न जाता उघडंच राहतं. बोट फिरवलंत तर हाताला लागेल. म्हणजे मॅगझिनमध्ये मेण तुम्ही न घालताच जात असतं. सेमी-ऑटोमध्ये (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीत) प्रत्येक बाराबरोबर थोडी काजळीही मागे येते. कोरड्या मॅगझिनमध्ये ही काजळी भुकटीसारखी पडून राहते, झटकली की जाते. तेल असेल तर मेण, काजळी आणि शिशाची धूळ यांचा लेप तयार होतो आणि फॉलोअर त्यातून रांगत वर येतो.

बोल्ट, म्हणजे काडतूस पुढे ढकलणारा रायफलीतला सरकता भाग, मागे जाऊन परत पुढे येईपर्यंत पुढचं काडतूस ओठांपाशी पोहोचलेलं असावं लागतं. (वरच्या ज्या दोन कडा काडतूस धरून ठेवतात, त्यांना आम्ही ओठ म्हणतो.) त्यासाठी मिळणारा वेळ म्हणजे सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा. फॉलोअर उशिरा आला तर बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो आणि चेंबर (जिथे काडतूस बसून फुटतं ती जागा) रिकामं राहतं. अर्धवट आला तर बोल्ट काडतुसाच्या नळीच्या पोटात घुसतो आणि काडतूस वाकतं. तक्रार मात्र अशी येते, "ओठ खराब आहेत, प्लास्टिक हलकं आहे." बोल्ट-ॲक्शनवाल्यांना हा त्रास कमी जाणवतो, कारण हाताने बोल्ट मागेपुढे करताना फॉलोअरला सवड मिळते. तरी थंडीतल्या सकाळी हा लेप घट्ट झाला की त्यांचंही मॅगझिन कुरकुरतं. शिवाय पातळ, झिरपणारी तेलं गोळी आणि नळीच्या सांध्यातून आत शिरू शकतात. मग काडतूस फुटलं नाही की त्याचाही दोष आमच्या माथी.

नायलॉनला घसरायला तेल लागत नाही. १९५९ साली रेमिंग्टनने 'नायलॉन ६६' नावाची पॉइंट टू-टू रायफल काढली. तिचा दस्ताच नव्हे, तर बोल्ट जिथे सरकतो तो भागही नायलॉनचा होता. ती तेलाशिवाय चालते हीच तिची ख्याती होती आणि दहा लाखांहून अधिक रायफली विकल्या गेल्या. मॅगझिन त्याच जातीच्या प्लास्टिकचं असेल तर त्याला कोरडं राहू द्या.

आता स्वस्त आणि महाग. आम्ही दोन्ही विकतो, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. फरक मुख्यतः तीन जागी असतो: प्लास्टिकमध्ये काचेचे तंतू आहेत की नाहीत, ओठांना पोलादाची पट्टी आहे की नुसतंच प्लास्टिक, आणि स्प्रिंगची तार कशी आहे. तंतू घातलेलं नायलॉन पडलं तर सहसा उसळी मारतं. फारच झालं तर तडकतं, आणि तडा डोळ्यांना दिसतो. पत्र्याचे ओठ वाकतात, वाकलेलेच राहतात आणि नुसत्या नजरेला कळतही नाहीत. प्लास्टिकचं खरं दुखणं वेगळं आहे. महिनोन्‌महिने दाबाखाली राहिलं तर ते हळूहळू फाकतं. म्हणून भरलेलं मॅगझिन कपाटात विसरू नका. चांगल्या स्प्रिंगचं नुसतं दबून राहण्याने फारसं बिघडत नाही, ती थकते ती भरण्या-रिकामं करण्याने. ओठांचं तसं नाही. सरावासाठी चार स्वस्त आणि स्पर्धेसाठी एक पोलादी ओठांचं, ही विभागणी आमच्या बऱ्याच ग्राहकांना मानवली आहे.

भरतानाची एक गोष्ट थोडक्यात. या काडतुसाच्या बुडाला कड असते, नळीपेक्षा रुंद, सुमारे सात मिलिमीटर. सरळ रांगेच्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असली पाहिजे. मागे गेली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. १९६४ च्या रुगर टेन-ट्वेंटी-टू रायफलीच्या फिरत्या मॅगझिनमध्ये प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच असल्याने हा प्रश्नच येत नाही. बाकीच्यांनी घाई न करता एकेक काडतूस बसवावं.

धुण्याचं काम अवघड नाही. मॅगझिन रिकामं आहे हे दोनदा बघा, चष्मा लावा आणि झाकण सरकवताना अंगठा स्प्रिंगवर ठेवा. ती उडाली की कपाटाखालीच जाते, असा आमचा अनुभव आहे. स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढा. उलटी बसवलेली स्प्रिंग हा आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा दुसरा मोठा झरा. डबी आणि फॉलोअर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा, रात्रभर वाळू द्या. पाण्याने नायलॉनचं काही बिघडत नाही. उलट हवेतली थोडी ओल त्याला चिवट ठेवते, अगदी शुष्क नायलॉन ठिसूळ होतं. स्प्रिंग पोलादाची, तिला गंज चढतो, म्हणून ती किंचित तेलाच्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. तेलाची जागा तेवढीच. थिनर, ॲसिटोन, ब्रेक साफ करायचा स्प्रे यांतलं काही वापरू नका. पारदर्शक मॅगझिन बहुधा पॉलिकार्बोनेटचं असतं आणि त्याला अशाने बारीक तडे जातात. हे सगळं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. त्यात शिसं असतं. हात साबणाने धुवा आणि तो टूथब्रश वेगळा ठेवा.

तेलाने चिकटलेलं मॅगझिन आम्ही बदलून देत नाही, धुऊन देतो आणि त्याचे पैसे घेतो. यावरून काही जण रागावतात. पण प्रत्येक मॅगझिन विकण्याआधी आम्ही नकली काडतुसं भरून चालवून बघतो, त्यामुळे ते इथून निघताना कसं होतं हे आम्हाला माहीत असतं. ओठाला तडा असेल किंवा डबीचा सांधा उकलला असेल तर वाद न घालता नवं देतो. स्प्रिंग थकली असेल तर नुसती स्प्रिंगही मिळते. नवीन मॅगझिन घ्यायची गरज नसते, आणि हे आम्ही स्वतःहून सांगतो.

विकत घेतल्या दिवशीच प्रत्येक मॅगझिनवर रंगाच्या पेनने नंबर घाला. "पाचातलं एक अडकतं, कोणतं ते माहीत नाही" म्हटलं की आम्हाला पाचही तपासावी लागतात. परत आणताना मॅगझिन रिकामं करून आणा, भरलेलं काउंटरवर घेणार नाही. कोणती काडतुसं वापरलीत तेही सांगा. आणि तेल घातलं असेल तर आधीच सांगा. झाकण उघडल्यावर आम्हाला कळतंच, पण सांगितलंत तर आमचा अर्धा तास वाचतो.