अमेरिकेतला पिकअप एवढा अगडबंब कसा झाला?

अमेरिकी माणसाला मोठ्या गाडीची हौसच आहे, असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा मिटवला जातो. हौस आहेच. पण १९७०च्या दशकात याच माणसाने डॅटसन आणि टोयोटाचे छोटे पिकअप आवडीने घेतले होते. इतके, की फोर्ड आणि शेव्हर्लेलाही आपले छोटे ट्रक जपान्यांकडून बनवून घ्यावे लागले. फोर्डचा कुरिअर मुळात माझ्दाचा, तर शेव्हर्लेचा लव्ह इसुझूचा. म्हणजे गिऱ्हाईक होतं, ट्रकच बाजारातून गेले.

त्याची सुरुवात कोंबडीपासून होते. १९६०च्या सुमारास अमेरिकेची स्वस्त गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनी आणि फ्रान्समधल्या पोल्ट्रीवाल्यांच्या मुळावर आली. युरोपने तिच्यावर शुल्क वाढवलं. वाटाघाटी फिसकटल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये बदला घेतला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के शुल्क बसलं. ट्रकच्या बाबतीत नेम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. पुढे बाकीच्या वस्तूंवरचा भार उतरला, ट्रकवरचा ‘चिकन टॅक्स’ मात्र चिकटून राहिला.

कंपन्यांनी पळवाटा शोधल्या. जपानहून हौद्याविना नुसती केबिन-चॅसिस आणायची, ४ टक्के भरायचे आणि अमेरिकेत उतरल्यावर हौदा चढवायचा. १९८०मध्ये ही वाट बुजली. सुबारूने तर आपल्या ‘ब्रॅट’ या छोट्या पिकअपच्या हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या, तोंड मागे करून. झाली कागदोपत्री प्रवासी गाडी! मुंबईच्या महिंद्रानेही २००६मध्ये तिथे डिझेल पिकअप विकायचा करार केला होता. शुल्क टाळायला सुटे भाग नेऊन तिकडेच जोडायचे, असा बेत होता. २०१०मध्ये तिथल्या वितरकाशी बिनसलं आणि तो बारगळला.

बाहेरची स्पर्धा अशी अडवल्यावर छोट्या ट्रकवर डोकं चालवायची डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकी गाडी कंपन्यांना, फारशी निकड उरली नाही. त्यात इंधनाचे नियम आले. अरब देशांच्या १९७३च्या तेलबंदीनंतर, १९७५च्या कायद्याने कारसाठी १९८५पर्यंत गॅलनला २७.५ मैल ॲव्हरेजचं लक्ष्य ठेवलं. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं आणि गवंड्याचं कामाचं वाहन, म्हणून त्याचं खातं वेगळं आणि सौम्य. एका मर्यादेपलीकडचे जड ट्रक तर तेव्हा हिशेबातच नव्हते. १९७५च्या फोर्ड एफ-१५०चा जन्मच अशा एका रेषेपलीकडे झाला. मालासकट ६,००० पौंडांखालच्या गाड्यांना धुराचे नवे नियम लागत होते, आणि एफ-१५० बेताने त्या आकड्याच्या वर बसवला होता.

या शतकातला बदल तर आणखी अजब. २००६मध्ये ट्रकसाठी, नंतर कारसाठीही, ॲव्हरेजचं लक्ष्य गाडीच्या ‘फूटप्रिंट’वर, म्हणजे चार चाकांमधल्या आयताच्या क्षेत्रफळावर ठरू लागलं. आयत जेवढा मोठा, तेवढं लक्ष्य सोपं. हेतू वाईट नव्हता. कंपन्यांनी गाड्या नुसत्या आखूड करून नियम पाळू नयेत, इंजिनं सुधारावीत. पण छोट्या ट्रकपुढचं लक्ष्य त्यामुळे फार कडक झालं, आणि ट्रक लांब-रुंद करणं सोयीचं. फोर्डचा अमेरिकेतला छोटा पिकअप रेंजर डिसेंबर २०११मध्ये बंद झाला. करखात्याचंही वजन याच पारड्यात. ६,००० पौंडांवरचं वाहन धंद्यासाठी घेतलं की पहिल्याच वर्षी मोठी वजावट मिळते. मोठ्या एसयूव्हींसाठी तिला कमी मर्यादा घातली, पण सहा फुटी हौद्याचा पिकअप त्यातून सुटला.

मधल्या काळात पिकअप घरची गाडी झाला आणि चार दारांची केबिन सर्रास झाली. जुन्या एफ-१५०च्या आठ फुटी हौद्यात चार बाय आठचं प्लायवूड आडवं मावायचं आणि फाळका लागायचा. आजच्या चार दारी एफ-१५०वर बहुधा साडेपाच फुटी हौदा असतो, त्यामुळे तेच प्लाय न्यायचं तर फाळका उघडा ठेवावा लागतो. ट्रक वाढला, माल ठेवायची जागा घटली. केबिनसमोर बॉनेटही उंच आणि उभट झालं. त्याची किंमत पादचारी मोजतात. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०२३मध्ये दाखवलं, की ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी धडकली तर ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. हे मापही नियमांतूनच आलं असं म्हणता येणार नाही. तिथे शुद्ध दिखाऊपणा आहे.

रेंजर २०१९मध्ये परतला तो मध्यम आकाराचा होऊन. आता ‘छोटा’ म्हणून विकला जातो तो फोर्डचा मॅव्हरिक. मेक्सिकोत बनतो, म्हणून मुक्त व्यापार करारामुळे चिकन टॅक्समधून सुटतो. लांबी ५.०७ मीटर, म्हणजे १९८३च्या आखूड रेंजरपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त. तरीही गिऱ्हाइकांची एवढी झुंबड उडाली, की जानेवारी २०२२मध्येच फोर्डला त्या वर्षाच्या मॉडेलचं बुकिंग थांबवावं लागलं.