जागेवर ‘हो’ म्हणजे निर्णय नव्हे

‘खरा व्यापारी जागेवर निर्णय घेतो,’ असं सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यात सर्रास ऐकवलं जातं. हे साफ चूक आहे. बाहेरगावचा गिऱ्हाईक दारात उभा: ‘१०० डझन टॉवेल, ९० दिवस उधार, आत्ता बोला.’ मागे यंत्रमाग खडखडतोय, सुताचे कोन संपत आलेत. तेव्हा तोंडून निघतो तो ‘हो’ निव्वळ भिडेपोटी. उधारी किती दिवस, किती रकमेपर्यंत, हे आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कायदाही पाठीशी आहे: २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. पान उघडं असलं की ९० दिवसांना ‘जमणार नाही’ म्हणताना जीभ अडखळत नाही.