पटाचा बैल : खुराक कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होते?

पौष-माघात विदर्भातील गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरू लागले की, जिंकणाऱ्या जोडीला सुई टोचली होती, ही कुजबुज आता पाठोपाठ येतेच. पूर्वी संशय तुतारीच्या, म्हणजे बैल हाकण्याच्या टोकदार काठीच्या, आरीवर, शेपटीच्या पिळ्यावर आणि क्वचित दारूच्या घोटावर असे. घोड्यांच्या शर्यतीत लाळ तपासून उत्तेजके शोधण्याची सुरुवात व्हिएन्नात 1910 च्या सुमारास झाली, म्हणजे खेळाडूंच्या ऑलिंपिक चाचण्यांच्या कितीतरी आधी. बैलापर्यंत मात्र ही तपासणी पोहोचलीच नाही.

सारा गुंता एका शब्दाचा आहे. खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी 2001 मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत शामके, स्टेरॉइड आणि अन्य कोणतेही ‘कृत्रिम वर्धक’ देण्यास मनाई असून अपवाद आहे तो केवळ उपचारासाठी पशुवैद्यकाने दिलेल्या भुलीचा. सरकी, ढेप, उडीद, गूळ, अंडी हा खुराक यात बसत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु चहापत्तीचा काढा पाजला, तर त्यातील कॅफिन खुराकात धरायचे की वर्धकात? उलट, नियम शब्दशः वाचला तर लंगडणाऱ्या बैलाला दिलेले साधे वेदनाशामकही त्यात अडकते. वास्तविक खरी काळजी तिथेच आहे, कारण वेदनाशामक बैलाला वेग देत नाही, दुखरा खूर टेकवायला लावते, आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला इजा कळेपर्यंत ती बळावलेली असते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली ती औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन मरणाऱ्या गिधाडांसाठी, बैलांसाठी नव्हे. पुढे माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्याने 2015 मध्ये त्यांचा आकार 3 मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला.

2001 च्या नियमांनंतरचा शर्यतींचा इतिहास मुख्यतः न्यायालयातला आहे. केंद्राने 2011 मध्ये प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला, सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या, 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि डिसेंबर 2021 मध्ये त्याच न्यायालयाकडून सशर्त परवानगी मिळाली. त्याच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी कायद्यातील ही दुरुस्ती वैध ठरवली. या बारा वर्षांच्या वादात काठी, तुतारी आणि वेदना यांवर पानेच्या पाने खर्ची पडली, औषधांचा उल्लेख मात्र ओझरता राहिला, हे खटकते. तुतारी हातातून गेली आणि पटात निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, तेव्हा सुईचा मोह वाढणार, हे ओळखायला फार दूरदृष्टी लागत नव्हती.

सध्या परवानगीसाठी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. ते जोडी धावण्याआधीच्या तपासणीवर मिळते. घोड्यांच्या मैदानावर शर्यतीनंतर लघवी व रक्ताचे नमुने घेतले जातात, तशी रीत पटात रुळलेली नाही.