एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य : औषधांच्या निवडीत मन कुठे होते?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल आज जी चर्चा चालते, तिची मुळे मुख्यतः १९९६ नंतरच्या काळात आहेत. त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९८५ मध्ये चाचणी आली तेव्हा औषध नव्हते. १९८७ मध्ये पहिले औषध आले, पण एकट्याने दिल्यावर त्याचा परिणाम फार टिकत नसे. न्यूयॉर्क शहरात १९८५ मध्ये झालेल्या आत्महत्यांचा अभ्यास तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला. एड्सचे निदान झालेल्या २० ते ५९ वयाच्या पुरुषांना आत्महत्येचा धोका, निदान न झालेल्या त्याच वयाच्या पुरुषांच्या तुलनेत सुमारे ३६ पट होता. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन करण्याची पद्धत याच भीतीच्या वातावरणात रुजली. निकाल नीट सांगावा आणि संसर्ग पुढे जाऊ नये, हा तिचा मुख्य हेतू. निकालानंतर सहा महिन्यांनी या माणसाला झोप लागते का, हे विचारण्याची सोय त्यात क्वचितच होती.

डॉक्टरांचे लक्ष तेव्हा मनापेक्षा मेंदूवर अधिक होते. विषाणू मेंदूत शिरतो, स्मृती आणि हालचाली मंदावतात, हे १९८०च्या दशकातच स्पष्ट झाले होते. ते संशोधन आवश्यकच होते. पण त्यामुळे 'मानसिक' म्हटले की स्मृतिभ्रंश, असे समीकरण बरीच वर्षे टिकले. साधे नैराश्य, चिंता, वियोगाचे दुःख हे सगळे 'अशा आजारात होणारच' म्हणून सोडून दिले गेले.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याचे उपचार आले आणि मृत्यू झपाट्याने घटले. मरणाची तयारी केलेल्या माणसांना आता जगायचे होते. काहींनी नोकरी सोडली होती, काहींनी आयुर्विम्याची पॉलिसी विकून टाकली होती, अनेकांचे जोडीदार आणि मित्र आधीच गेले होते. आपणच का वाचलो, या प्रश्नाला गोळ्यांत उत्तर नव्हते. स्वित्झर्लंडमधील दीर्घकालीन नोंदींनुसार संयुक्त उपचारांनंतर आत्महत्यांचे प्रमाण बरेच उतरले, तरी सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ते वरच राहिले. दहा अभ्यास एकत्र करून २००१ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात तीव्र नैराश्याचे प्रमाण एचआयव्ही नसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसले. थकवा, वजन घटणे, झोप उडणे ही लक्षणे शारीरिक आजाराचीही असतात, त्यामुळे नैराश्य वाजवीपेक्षा जास्त मोजले जाते, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेप योग्य होता, पण त्याच लक्षणांना 'आजारामुळेच' म्हणून नैराश्य नजरेआड करण्याची चूक दवाखान्यांत कितीतरी जास्त वेळा होत असणार.

या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय मात्र औषधाच्या निवडीचा आहे, आणि त्याची चर्चा मानसिक आरोग्याच्या अंगाने फार कमी होते.

एफाव्हिरेन्झला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. दिवसातून एकदा, रात्री झोपताना, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायचे औषध. ते विषाणूवर चांगले चाले. पण सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना चक्कर येई, झोप तुटे, लक्ष लागत नसे आणि इतकी ठळक स्वप्ने पडत की जागे झाल्यावरही ती मागे राहत. बहुतेकांचा त्रास महिनाभरात ओसरे. काहींचा ओसरत नसे, आणि काहींमध्ये तो खिन्नतेपर्यंत व आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाई. औषध यकृतात ज्या विकराने मोडले जाते, त्याच्या जनुकातला एक बदल असलेल्यांच्या रक्तात औषधाची पातळी बरीच जास्त राहते. हा बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत अधिक आढळतो, म्हणजे जिथे एचआयव्हीचा भार सर्वाधिक आहे तिथे. डोस मात्र सगळीकडे ६०० मिलिग्रॅमच.

२०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी पहिल्या पसंतीचा उपचार म्हणून टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन किंवा एमट्रिसिटाबिन यांच्या जोडीला एफाव्हिरेन्झ ठरवले. त्यामागची कारणे पोकळ नव्हती. स्टॅव्हुडिन या जुन्या एचआयव्हीच्या औषधाने गाल खप्पड होत आणि चेहऱ्यावरूनच आजार ओळखू येई. त्या काळच्या बदनामीत ही शिक्षाच होती. नेव्हिरॅपिन या दुसऱ्या जुन्या औषधाने अंगावर पुरळ उठण्याचा आणि यकृत बिघडण्याचा धोका होता, शिवाय क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनशी त्याचे जमत नसे. एफाव्हिरेन्झ क्षयाच्या औषधांबरोबर चाले, गरोदरपणातही देता येते असे तोवर मानले जाऊ लागले होते, आणि तिन्ही औषधे एकाच स्वस्त गोळीत बसत. लाखो लोकांपर्यंत उपचार न्यायचे तर एक गोळी, एक वेळ, एक पुरवठासाखळी हवी होती. त्या हिशेबात स्वप्ने आणि खिन्नता 'सहन होण्याजोगे' या रकान्यात गेली.

पुढच्याच वर्षी चार औषधचाचण्यांतील ५,३३२ जणांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि प्रत्यक्ष आत्महत्या मिळून धोका एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत दुपटीहून थोडा अधिक निघाला. विरोधी पुरावाही होता. रोजच्या उपचारांतील रुग्णांच्या मोठ्या पाहणीत आत्महत्येने झालेल्या मृत्यूंशी असा संबंध आढळला नाही. पण रोजच्या उपचारांत नैराश्याचा इतिहास असलेल्यांना डॉक्टर हे औषध टाळतात, तर त्या चार चाचण्यांत कोणाला काय मिळेल हे डॉक्टरांच्या हाती नव्हते. हा फरक ध्यानात घेतला तर माझ्या मते चाचण्यांचे पारडे जड ठरते. मूळ धोका हजारात काहीच जणांना होता, हेही खरे. तरी जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही, आत्महत्येच्या विचारांची विचारपूस होत नाही आणि दुसरे औषध उपलब्ध नाही, तिथे याच गोळीने उपचार सुरू होत राहिले. २०१४ मध्येच ४०० मिलिग्रॅमचा डोस तितकाच परिणामकारक असून त्रास काहीसा कमी असल्याचे दिसले होते. त्याचा वापर फार पसरला नाही.

शेवटी डोल्युटेग्रॅव्हिर हे नवे औषध आले, पण तिथेही रांग सारखी नव्हती. मे २०१८ मध्ये बोट्सवानातील नोंदींवरून गर्भाच्या मज्जारज्जूतील दोषाची शंका पुढे आली आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांबाबत सावधगिरीचा इशारा निघाला. काही देशांनी त्याचा अर्थ असा लावला की पुरुषांना नवे औषध, स्त्रियांना एफाव्हिरेन्झच. एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांनी त्याच वर्षी जाहीर मागणी केली की धोका आम्हाला समजावून सांगा, निवड आम्ही करू. अधिक नोंदी जमल्यावर तो धोका अगदी कमी ठरला आणि जुलै २०१९ मध्ये डोल्युटेग्रॅव्हिर सर्वांसाठी पहिल्या पसंतीचे झाले. नव्या औषधानेही काहींची झोप उडते, काहींचे वजन वाढते. जुन्याच्या मानाने मनावरचा त्रास मात्र कमी आहे.

याच वर्षांत धोरणाची भाषाही हळूहळू बदलली. २०१४ ची जागतिक उद्दिष्टे तीन होती : ९० टक्के लोकांना आपला संसर्ग माहीत असावा, त्यांतल्या ९० टक्क्यांना उपचार मिळावेत आणि त्यांतल्या ९० टक्क्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेला असावा. यात मनाचा उल्लेख कुठेच नाही. खरे तर नैराश्य असलेल्यांच्या गोळ्या अधिक चुकतात हे तोवर अनेक अभ्यासांत दिसले होते, म्हणजे तिसऱ्या उद्दिष्टाची वाट मनावरूनच जात होती. २०१६ मध्ये झिम्बाब्वेच्या राजधानीतील, हरारेतील, २४ दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्यसेविका दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून लोकांशी त्यांच्या अडचणींविषयी बोलत आणि त्या एकेक करून सोडवायला मदत करत. भाग घेतलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के एचआयव्हीसह जगणारे होते. सहा महिन्यांनी बाकावर मदत मिळालेल्यांची नैराश्याची लक्षणे नेहमीच्या उपचारांवरील गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. मानसोपचारतज्ज्ञ नाहीत म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब त्यानंतर टिकणारी नव्हती.

व्हायरल लोड दबलेला असेल तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, ही गोष्टही याच काळात निर्विवाद झाली. जोडीदाराला आपल्यामुळे काही होईल, ही भीती वर्षानुवर्षे बाळगणाऱ्यांसाठी ती कोणत्याही समुपदेशनाइतकी मोलाची होती. तरी दवाखान्यात ती सगळ्यांना सांगितली जात नाही.

२०२१ च्या एड्सविषयक जागतिक जाहीरनाम्यात मानसिक आरोग्याचा समावेश झाला आणि २०२२ मध्ये एचआयव्हीच्या सेवेतच मानसिक आरोग्याची सेवा गुंफण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन निघाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली. ज्यांची कामे थांबली त्यांत समुपदेशक आणि समुदायातून नेमलेले कार्यकर्ते मोठ्या संख्येने होते. गोळ्यांचा पुरवठा चालू ठेवण्यासाठी निदान तातडीच्या सवलती जाहीर झाल्या, पण मानसिक आधाराच्या कामासाठी तशी तातडी कोणी दाखवली नाही.